कोणी टोकलं नाही

माझ्या लेकीला तिचं पहिलं सांबर दाखवायचं, हे माझ्या बापानं परस्पर ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, माझ्या बायकोला तर नाहीच. दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो. लेक तेव्हा तिसरीत. ती त्याच्या खाटेवर बसून शेंगा फोडत होती आणि बाप तिला सांगत होता, "उन्हाळ्यात येजो. नाला आटला का एकाच डोहात पानी राह्यते. मंग जनावर कुठी जाईन? तिथीच येईन." एवढ्यावर दोघांचं पक्कं झालं. आम्ही नवरा-बायको त्यांच्या लेखी नुसते गाडीभाडं भरणारे.

गाव आमचं सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाला पाठ लावून बसलेलं. मी नोकरीला माजरीकडे, कोळशाच्या खाणीत वीजफिटर. बायको आणि लेक माझ्यासोबत कॉलनीत, गावी आईबाप दोघंच. त्यामुळं सांबराचा सगळा बेत फोनवर शिजला. रोज संध्याकाळी लेक माझा फोन पळवायची आणि खिडकीत जाऊन बसायची. माझ्याशी बापाचं बोलणं म्हणजे "बरं आहे नं? बरं. पोट्टीले दे," इतकंच. जन्मभरात मी त्याच्याकडून ऐकलं नसेल तेवढं ती एका हिवाळ्यात ऐकून बसली. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

माझा बाप स्वतःला शिकारी म्हणवून घ्यायचा नाही, पण वाढला तो पारधीतच. त्याच्या लहानपणी धानाची कापणी उरकली की गावाची पारध निघायची. हाकारे एका बाजूनं डबे बडवत यायचे आणि दुसऱ्या बाजूला ठासणीची भरमार बंदूक घेतलेले दोघं-तिघं झाडाआड बसलेले असायचे. पहिल्यांदा आलेल्या पोराला काम एकच, तोंड बंद ठेवणं. तो लेकीएवढा असताना त्याच्या बापानं त्याला नाल्याकाठी एका अर्जुनाच्या झाडाआड उभं केलं. तिथं सांबर आलं, इतकं जवळ की त्याच्या पाठीवरच्या माशा दिसत होत्या. मग गोळी सुटली. संध्याकाळी वाटे पडले. बंदूकवाल्याला जेवढा वाटा तेवढाच हाकाऱ्याला, कुत्र्यालाही त्याचा वाटा, आणि कुणाच्या घरी बाई गर्भार असली तर पोटातल्या जिवासाठी एक वेगळा. माझ्या बापाला काळजाचा तुकडा मिळाला, पहिल्यांदा आला म्हणून.

पुढं कायदा आला, घरची बंदूक ठाण्यात जमा झाली आणि पारध संपली. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नव्हतं. "मारून काय पाह्यलं? पडल्यावर पाह्यलं," तो म्हणायचा. "जित्तं नीट पाह्यलंच नाई." नंतर दर उन्हाळ्यात तो रिकाम्या हातानं कुठल्याशा डोहावर जाऊन बसायचा आणि दुपारच्या आत परत यायचा. कोणत्या डोहावर, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही, कारण विचारायचं नसतं.

आमच्या घरात बाहेर पडणाऱ्याला टोकत नाहीत. तसं कुठंच कुणी फारसं टोकत नाही. 'कुठं निघालात' म्हणायचं सोडून लोक 'लांब का?' म्हणतात. पण आमच्याकडं पारधीची शिस्त घरात येऊन बसली होती. जंगलात निघालेल्याला कुठी चालला म्हणायचं नाही, मागून हाक मारायची नाही, जागेचं नाव घराच्या छपराखाली घ्यायचं नाही. नाव घेतलं की जनावर पाणी बदलतं, असं बाप म्हणायचा. आईनं लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याला कधी 'कुठी चालले जी' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तो चप्पल पायात घालायचा आणि ती तोंड दुसरीकडं करायची.

मला या प्रकाराचा राग यायचा. आमच्या खाणीत खाली उतरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला फळ्यावर लावतो आणि मगच उतरतो. पाळी संपली आणि बिल्ला फळ्यावरच राहिला, तर माणसं लगेच शोधायला निघतात. हे मी बापाला एकदा तावातावानं ऐकवलं होतं. त्यानं तंबाखू मळता मळता म्हटलं, "कोळसा पळून जात नाई, बापू. जनावर पळते." त्याच्यापुढं माझी नेहमीच अशी गत व्हायची.

बेताला पहिला विरोध बायकोचा. सांबर जिथं पाणी पितं तिथं वाघही पितो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दर उन्हाळ्यात आमच्या भागातून मोहफुलं वेचायला गेलेल्या कुणाची ना कुणाची बातमी येतेच. मी मधला मार्ग काढला. म्हटलं, व्याघ्रप्रकल्पाच्या गेटवरून जिप्सी बुक करतो, सांबरंही दिसतील आणि नशिबात असला तर वाघही. बापानं फोनवर मला झटकून टाकलं. "जिप्सीतून पाह्यनं म्हंजे पंगतीत न बसता नुसता वास घेनं," म्हणाला. शेवटी असं ठरलं की सूर्य चांगला वर आल्यावर जायचं, मी सोबत असायचं, गावातला ओळखीचा वनरक्षक आणि आणखी दोघं बरोबर घ्यायचे. बाप कुरकुरला, "एवढी वरात नेली तं सांबर कायले, बेडूकबी नाई दिसनार." पण मानलं. नातीसाठी तो काहीही मानायचा.

मग तिची तयारी सुरू झाली. आदल्या आठवड्यापासून केसांना तेल लावायचं नाही. वासाचा साबण बंद. कांदा बंद, आणि कांद्यावाचून हिचे पोहेही खाऊन होत नव्हते. पायाखालचं वाळलं पान कसं टाळायचं, हे ती कॉलनीच्या बागेत शिकायची आणि शेजारणी खिडकीतून बघून हसायच्या. कपडे मातीच्या रंगाचे हवेत आणि ते तणसात, धानाच्या पेंढ्यात ठेवायचे, म्हणजे माणसाचा वास जातो. लेकीनं फोनवर विचारलं, "आबाजी, आमच्याइथी तणीस नाई. कोळशात ठेवू का?" पलीकडून तो इतका हसला की मला इथं ऐकू आलं. "नोको ठेवू बाई. मीच शिवून ठेवतो." त्यानं खरंच सिंदेवाहीच्या शिंप्याकडून मातकट रंगाचा झगा शिवून घेतला आणि गोठ्यातल्या तणसात खुपसून ठेवला. माप कुणाचं दिलं देव जाणे. आईनं सांगितलं की त्यानं शिंप्याला हातानंच उंची दाखवली होती.

आणि सगळ्यात मोठा नियम अर्थातच न टोकण्याचा. तिची सवय नेमकी उलट. मी कामाला निघालो की ती विचारणार, "कुठी चालले बाबा?" जणू मी रोज वेगळ्या गावाला जातो. बापानं तिला बजावलं की हे तोंड आवरलं तरच सांबर. तिनं आवरलं. मी सकाळी डबा घेऊन निघालो की ती दोन्ही ओठ दाताखाली धरून उभी राहायची. डोळ्यांत प्रश्न मावत नसायचा. बायको म्हणायची, "बिचारीचं पोट दुखेल." आम्ही हसायचो.

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि मे महिन्यात आम्ही गावी आलो. उन्हं अशी की दुपारी कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात जाऊन पडायची. रविवारी जायचं ठरलं. शुक्रवारी पहाटे मी अंगणात गाढ झोपलो होतो, तेव्हा बाप उठला आणि काठी घेऊन घरामागच्या सांदवाडीच्या दारानं निघून गेला. डोहात पाणी उरलंय का ते बघायला गेला असणार. नातीला नेऊन कोरडा डोह दाखवला असता तर त्याची मान खाली गेली असती. आईनं त्याला निघताना पाहिलं. ती चुलीपाशी होती, तिनं तोंड फिरवलं. लेक दात घासत सांदवाडीत उभी होती, तिनंही पाहिलं.

दुपारी तो जेवायला आला नाही. आईनं ताट झाकून ठेवलं. म्हणाली, ऊन उतरल्यावर येतील. चार वाजता मी वनरक्षकाला फोन केला. गावातले वीसेक जण काठ्या घेऊन जमले. "गेले कुठी पन?" हा पहिला प्रश्न वनरक्षकानं विचारला आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. जंगल काय अंगणाएवढं आहे? कुणी म्हणालं, तलावाकडं, तिकडं टँकरनं पाणवठा भरतात, जनावरं तिथंच असतात. दुसरा म्हणाला, पांदणीनं जाताना दिसले होते, पण ते काल की आज, हे त्याला आठवेना. आम्ही तलावाकडं गेलो. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. वाघाचे ताजे ठसे दिसले तेव्हा वनरक्षकानं सगळ्यांना मागं फिरवलं. मी त्याच्याशी भांडलो, नको ते बोललो. तो माझा हात धरून मला गावात घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या चारणाऱ्याला तो सापडला, तलावाच्या अगदी उलट दिशेला, नाल्याच्या खडकांत. वाघ नव्हता, काही नव्हतं. शेवाळ सुकलेल्या दगडावरून पाय घसरून तो पडला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथून तो घासत घासत एका अर्जुनाच्या सावलीपर्यंत आला होता आणि खोडाला टेकून बसला होता. डोहात पाणी होतं. त्याला ते समोर दिसत असणार, पण हाताला येण्यासारखं नव्हतं. काठावरच्या चिखलात सांबराच्या खुरांचे ठसे होते, ताजे. जनावरानं पाणी बदललेलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झालं. तरुण डॉक्टर होता, चांगला वाटला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की पडल्या पडल्या गेलेले नाहीत, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तरी असावेत, उन्हानं आणि पाण्यावाचून गेले. म्हणजे आम्ही तलावावर हाका मारत होतो तेव्हा तो जिवंत होता. वेळेवर आणलं असतं तर, एवढंच त्यानं म्हटलं. मी त्याला म्हटलं, हे माझ्या घरच्यांना सांगू नका. आईला सांगू नका आणि मुलीला तर अजिबात नको. तेव्हापासून मी ते एकटाच बाळगून आहे आणि ते जड आहे. मला माझ्या बापाचा इतका राग आला होता की मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्याला मोठ्यानं शिव्या दिल्या. मग रडू आलं.

त्याच दुपारी अग्नी दिला. परत आल्यावर अंगणात बाया जमल्या आणि जसं बोलतात तसं बोलायला लागल्या. जंगलात वाढले, जंगलातच गेले. अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाची सेवा घेतली नाही. आई भिंतीला टेकून होती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "निंगताना कोनी टोकलं नाई त्याईले. मोकळे गेले." त्यात तिचा आधार होता, ते मला कळत होतं. तिनं जन्मभर जो नेम पाळला त्याचं तिला एवढंच फळ उरलं होतं. पण लेक माझ्या शेजारी होती. ती उठली आणि गोठ्याकडं गेली.

थोड्या वेळानं मी मागून गेलो. ती तणसावर बसली होती. मांडीवर तो मातकट झगा. तिनं तो स्वतःच उकरून काढला होता. बाही तिच्या बोटांच्याही खाली येईल इतकी लांब होती.

मी जवळ बसलो. बाही हातात घेऊन म्हटलं, "मोठा झाला नं जरा. आई आखूड करून देईन."

ती म्हणाली, "मले टोकायचं होतं."

मी तिच्या केसांतली तणसाची काडी काढली.

"माझ्या तोंडात आलं होतं, बाबा. आबाजी दारातून निंगून राह्यले होते. मी म्हननारच होती, कुठी चालले. मंग गिळून घेतलं. त्याईनं मागं वळून पाह्यलं माझ्याकडं. हसले. असा हात वर केला." तिनं तळहात दाखवला, आशीर्वाद देतात तसा. "मी पास झाली म्हून."

मी तिला जवळ घेतलं आणि जे जे बाप माणूस बोलतो ते सगळं बोललो. तू आबाजीचं ऐकलं. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. तुझी काही चूक नाही. यातलं एकेक वाक्य खरं होतं आणि एकाचाही तिला उपयोग नव्हता. ती माझ्या छातीत तोंड खुपसून म्हणाली, "सांगतलं असतं. मले सांगतलं असतं." आणि ते त्याहून खरं होतं. तिला त्यानं सांगितलं असतं. कदाचित कानात सांगितलं असतं. तिला शब्द दिला म्हणून तर तो गेला होता.

दारात आई उभी होती. कधी आली ते मला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण ती सरळ आत आली, नातीच्या पलीकडं तणसावर बसली आणि तिचे बिनतेलाचे राठ केस बोटांनी विंचरत राहिली. म्हणाली, "मीबी पाह्यलं, बाई. माह्याबी तोंडात येत होतं. दर खेपी येत होतं." माझी आई असं काही बोलेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तिसऱ्या दिवशी राख घेऊन आम्ही वैनगंगेवर गेलो. आमच्यात बाया नदीवर जात नाहीत. आई गाडीत येऊन बसली आणि नातीला मांडीवर घेतलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं, पण तिच्याकडं बघून तो बाजूला सरकला. लेकीनं तो झगा घातला होता. बायकोनं बाह्या दुमडून दिल्या होत्या. अंगाला तणसाचा वास येत होता.

मे महिन्याची नदी म्हणजे नावाला नदी. वाळू तुडवत बरंच आत गेल्यावर घोट्याएवढं पाणी लागलं. मी मडकं घेऊन पुढं, भावकीतले माझ्या दोन्ही बाजूंना, आई आणि लेक मागं वाळूत. अशा वेळी मागून हाक मारायची नसते, मागं बघायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी वाकलो, मडकं तिरपं केलं आणि राख पाण्यात सोडायला लागलो.

मागून लेकीचा आवाज आला, मोठा, स्पष्ट. "आबाजी, कुठी चालले?"

माझे हात थांबले. त्या म्हाताऱ्यानं दचकून डोळे मिटले. तिला कुणीतरी गप्प करील म्हणून मी वाट बघत होतो, आणि कुणी केलं असतं तर मी मडकं टाकून त्याच्या अंगावर गेलो असतो. पण कुणी काही बोललं नाही. मग आईचा आवाज आला. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला हे कधी विचारलं नव्हतं.

"सांगा नं जी," ती म्हणाली. "पोट्टी इचारून राह्यली."

पाण्याला ओढ नव्हती. राख लगेच पुढं गेली नाही, थोडा वेळ माझ्या पायांभोवतीच फिरत राहिली.